ठाण्यात, नवी मुंबईत नव्याने आलात? तब्येतीची व्यवस्था अशी लावा

बदली झाली, मुलाने फ्लॅट घेतला, मुंबईतलं भाडं परवडेना, अशा नाना कारणांनी दरवर्षी कितीतरी घरं ठाण्यात आणि नवी मुंबईत येतात. टेम्पोतल्या सामानाबरोबर त्यातल्या बऱ्याच घरांत गोळ्यांचा एक डबा आणि रिपोर्टांची जाड फाइल येते. साखर, बीपी, थायरॉइड, दमा, फिट्स, नैराश्य, बायपासनंतरची औषधं. त्या डब्यावर रोज जगणाऱ्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

इथे डॉक्टरांची वानवा नाही. वाशी, नेरुळ, घोडबंदर रोड, कुठेही बघा, मोठमोठी रुग्णालयं उभी आहेत. पण साखर किंवा बीपी असलेला माणूस वर्षातून चार-सहा वेळा डॉक्टरसमोर बसतो. उरलेले सगळे दिवस घरी, गाडीत, ऑफिसात, एकट्याने काढायचे असतात. गोळ्या संपल्या, चक्कर आली, रिपोर्ट कळला नाही, ओपीडीत सोबत यायला कुणी नाही, रात्री छातीत धडधडतंय आणि कुणाला उठवावं ते सुचत नाही, हे सगळं त्या मधल्या दिवसांत घडतं. गावी हे काम न सांगता होत असतं. मेडिकलवाला ओळखीचा असतो, शेजारच्या काकू डोकावून जातात, चुलतभाऊ गाडी काढतो. जागा बदलली की ही माणसं सुटतात आणि त्यांची जागा घेईल अशी कोणतीही सरकारी योजना नाही. ती फळी आपणच उभी करायची असते, आणि तीही तब्येत ठीक असताना. मी नेरुळला राहते, आईचं आजारपण इथेच काढलं. ज्या क्रमाने कामं करावीत असं मला वाटतं, त्याच क्रमाने सांगते.

पहिलं काम: आपली पालिका कोणती ते ओळखा

दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर हा पट्टा नवी मुंबई महानगरपालिकेचा. ही पालिका १९९२ साली सुरू झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांना आपण बोलताना नवी मुंबईच म्हणतो, पण तिथला कारभार २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महानगरपालिकेचा आणि जिल्हा रायगड. कळवा, मुंब्रा, दिवा ठाणे पालिकेत येतात. घर घेताना याचा फारसा विचार होत नाही. मात्र नागरी आरोग्य केंद्र, आशाताई, लसीकरण, क्षयरोगाची औषधं हे सगळं याच हद्दींप्रमाणे चालतं.

तुमच्या भागाचं नागरी आरोग्य केंद्र कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधा आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन या. खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्यांनीही जावं. तिशीच्या पुढच्या माणसांची बीपी आणि साखरेची तपासणी तिथे मोफत होते, नेहमीच्या बऱ्याच गोळ्याही मिळतात. तिथेच आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, काढून घ्या. हा १४ आकडी असतो आणि सरकारी रुग्णालयांत केसपेपरची रांग त्याने बऱ्यापैकी वाचते. आशाताईंचा फोन नंबर मागून घ्या. सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना वाटतं की आशा फक्त वस्तीतल्या लोकांसाठी असतात. पण तुमच्या भागात काय मिळतं आणि कोणत्या वारी मिळतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नसतं.

मोठी पालिका रुग्णालयं लक्षात ठेवा. नवी मुंबईत वाशीचं सार्वजनिक रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ आणि नेरुळचं माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय; त्याला पालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय. या रुग्णालयांच्या ओपीडी मुख्यतः सकाळच्या, आणि इथल्या कष्टकरी माणसांची अडचण नेमकी तीच. एपीएमसीतला, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातला, माथाडी पहाटे कामाला लागतो, घरकाम करणाऱ्या ताई सकाळी चार घरं करतात, महापे-ऐरोलीत रात्रपाळी करणारा सकाळी झोपलेला असतो. अशांनी ‘आपला दवाखाना’ हा सरकारी दवाखाना जवळ आहे का ते पाहावं. बहुतेक ठिकाणी तो दुपारनंतर उघडतो आणि रात्रीपर्यंत चालतो.

क्षयरोगाचे उपचार चालू असताना घर बदललं असेल, तर मात्र आठवडाही थांबू नका. जुन्या केंद्राने दिलेला निक्षय क्रमांक घेऊन नव्या केंद्रात जा, उपचार तिथे वर्ग होतात. पोषण आहाराचे दरमहा १,००० रुपयेही त्याच नोंदीवर मिळत राहतात. मध्ये खंड पडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतात.

दुसरं काम: फाइलमधलं एक पान

जाड फाइल घरी असू द्या. खिशात आणि फोनमध्ये मात्र एकच पान हवं. त्यावर नाव, वय, रक्तगट, आजार आणि तो कोणत्या सालापासून आहे, झालेल्या शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, सध्याच्या गोळ्या आणि घरच्या दोघांचे नंबर. गोळ्यांची नावं लिहिताना कंपनीचं नाव आणि कंसात आतल्या औषधाचं नाव, मिलिग्रॅमसह लिहा. हे पान मराठीत लिहिलंत तरी औषधांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, वाचणारा डॉक्टर कुठलाही असू शकतो.

आतल्या औषधाचं नाव लिहिण्याचा आग्रह मी एका कारणासाठी धरते. गाव बदललं की डॉक्टर बदलतो आणि नवा डॉक्टर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहून देतो. जुनी पट्टी डब्यात शिल्लक असते. ज्येष्ठ माणूस दोन्ही घेतो, कारण नावं वेगळी, रंग वेगळे. आत दोन्हीकडे बीपीचं टेल्मिसार्टनच असतं किंवा साखरेचं मेटफॉर्मिनच. मग बीपी खाली जातं, चक्कर येते, माणूस बाथरूममध्ये पडतो आणि घरातले म्हणतात, वय झालं. नवी चिठ्ठी आली की जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसेल तर फोनने फोटो काढून मोठा करून बघा.

तिसरं काम: औषधं कधीच संपू न देणं

आजार बळावण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण साधं असतं: गोळ्या संपल्या आणि चार दिवस आणायच्या राहिल्या. घर बदलण्याच्या गडबडीत तर हमखास. निघण्याआधीच जुन्या डॉक्टरांकडून दोन महिने पुरेल अशी चिठ्ठी ताज्या तारखेची घेऊन या.

झोपेच्या, फिट्सच्या आणि मानसिक आजारांच्या औषधांबाबत हे विशेष सांगते. यांतली बरीच औषधं चिठ्ठी पाहिल्याशिवाय मेडिकलवाला देत नाही आणि ते बरोबरच आहे. पण नव्या गावात मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत जुनी चिठ्ठी शिळी होते आणि औषध एकदम बंद पडतं. फिट्सचं औषध असं तुटलं तर पुन्हा फिट येऊ शकते. क्लोनाझेपामसारखी गोळी एकाएकी थांबली तर अंग थरथरतं, झोप उडते, जीव घाबरा होतो. म्हणून नव्या तज्ज्ञाची पहिली भेट जुन्या गोळ्या शिल्लक असतानाच ठरवा.

मेडिकल एकच ठरवा, शक्यतो घराजवळचं आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं. त्याला एकदा तुमची यादी दाखवा, तो महिन्याच्या हिशेबाने माल आणून ठेवतो. ऑनलाइन औषधं स्वस्त पडतात, पण रात्री साडेदहाला नेब्युलायझरचं औषध हवं असताना धावून येतो तो कोपऱ्यावरचा दुकानदार. मी तरी त्याचं गिऱ्हाईक टिकवून ठेवते.

खर्च जड जात असेल तर जन औषधी केंद्र शोधा. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र दिसतं आणि औषधाची किंमतही कळते. बीपी, साखर, कोलेस्टेरॉलच्या रोजच्या गोळ्यांत तिथे मोठा फरक पडतो. मात्र केंद्रात सगळीच औषधं कायम असतात असं नाही, त्यामुळे संपायच्या आठवडाभर आधी जा. बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठीवर आतल्या औषधाचं नाव लिहून मागा. कचरू नका, हे मागणं रास्त आहे.

जून ते सप्टेंबर घरात दहा दिवसांची जादा औषधं हवीतच. २६ जुलै २००५ चा महापूर इथे ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगावं लागत नाही. ट्रान्सहार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला येणारी लोकल) बंद, सायन-पनवेल रस्त्यावर पाणी, असे दिवस दर पावसाळ्यात एक-दोनदा येतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. चालू पेन किंवा बाटली बाहेर, सावलीत चालते. बहुतेक प्रकारांना चार आठवड्यांची मुदत असते, ती पाकिटावर बघून उघडल्याची तारीख पेनावर लिहा. वापरलेल्या सुया उघड्या कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, वर ‘सुया’ असं ठळक लिहा आणि कचरा घेणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात सांगून द्या. त्यांच्या हातांना टोचलेल्या सुयांची किंमत आपण कधी मोजत नाही.

चौथं काम: फॅमिली डॉक्टर

सुपरस्पेशालिस्ट कोण याची चौकशी सगळे करतात. घरापासून चालत जाता येईल असा साधा एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर कोण, ही चौकशी जास्त महत्त्वाची. हृदयाचा एक, साखरेचा दुसरा, गुडघ्याचा तिसरा; प्रत्येक जण आपली चिठ्ठी लिहितो आणि तिन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारं कुणी उरत नाही. ते काम फॅमिली डॉक्टरचं. ठीक असताना एकदा जा, फी द्या, एक पान दाखवा आणि दोन गोष्टी विचारा: तुम्ही बाहेरगावी गेलात तर कुणाकडे जायचं? रात्री फोन केला तर चालेल का? उत्तरावरून माणूस कळतो.

पाचवं काम: पत्ता सांगण्याचा सराव

नवी मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. सेक्टर ८ वाशीत आहे, नेरुळला आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि खारघरमध्येही आहे. घाबरलेला माणूस फोनवर नुसतं ‘सेक्टर आठ’ म्हणतो आणि गाडी भलत्याच नोडमध्ये जाते (वाशी, नेरुळ अशा एकेका वसाहतीला इथे नोड म्हणतात). म्हणून आधी नोडचं नाव, मग सेक्टर, प्लॉट नंबर, इमारत, आणि शेवटी सगळ्यांना माहीत असलेली जवळची शाळा किंवा देऊळ. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात अडचण निराळी: एकाच नावाच्या संकुलात पाच-सहा टॉवर आणि तीन गेट. कोणतं गेट ते सांगायलाच हवं. हा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी भिंतीवर चिकटवा, म्हणजे घरकामाला येणाऱ्या मावशी किंवा नातवंडंही वाचून सांगू शकतील.

रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. १०८ ला फोन केला की लगेच दुसरा फोन वॉचमनला करा: गेट उघडं ठेव, लिफ्ट खाली थांबव, पार्किंगची वाट मोकळी कर. स्ट्रेचर तुमच्या लिफ्टमध्ये मावतं का, हे एकदा शांतपणे बघून ठेवा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा लिफ्टच नसते. तिथे मजबूत खुर्ची आणि चार माणसं लागतात. ती चार माणसं कोण, हे आज ठरवता येतं.

कधी वाट बघायची नाही, तेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो अर्धांगाचा झटका समजून ताबडतोब निघा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि निघायला उशीर झाला की त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो. शक्यतो मेंदूचा सीटी स्कॅन चोवीस तास होतो अशाच रुग्णालयात जा. ते कोणतं, हे आधीच विचारून ठेवा. छातीत दाबल्यासारखं होऊन थंड घाम फुटला तर ते ॲसिडिटीवर ढकलू नका. साखरेच्या माणसाला दरदरून घाम, थरथर, गोंधळ झाला आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

सहावं काम: सोबतीला माणूस

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मुलगा-सून दोघं नोकरीला, सकाळी सातची गाडी. सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीला जायचंय. डोळ्यांत थेंब टाकल्यावर परत एकटीने येता येणार नाही. तपासणी पुढच्या महिन्यावर जाते, मग त्याच्या पुढच्या. साखरेच्या माणसाचा डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा असतो आणि तो वर्षानुवर्षं राहून जातो, त्यामागे पैशाइतकंच सोबत नसण्याचंही कारण असतं. एकट्या राहणाऱ्या तरुणांचंही तेच. घणसोलीत पीजीत राहणाऱ्या मुलीला एंडोस्कोपीला जायचं असतं, रुग्णालय म्हणतं नातेवाईक हवा, आणि नातेवाईक लातूरला.

यावर उपाय एकच, आणि तो पैशाने विकत मिळत नाही: चार-पाच घरांचा गट. आपल्या मजल्यावरची, विंगमधली किंवा ओळखीतली अशी चार-पाच घरं, ज्यांनी ठरवलं आहे की महिन्यातून एखादी सकाळ दुसऱ्याच्या सोबतीला द्यायची. आज मी तुमच्या आईंना घेऊन जाते, पुढच्या महिन्यात तुम्ही माझ्या यजमानांबरोबर जा. रिक्षाचं भाडं ज्याचं काम त्याने द्यायचं, बाकी हिशेब नाही. आधीपासून भिशी किंवा भजनी मंडळ असेल तर त्यातूनच सुरुवात करा. तिथे विश्वास आयता असतो.

नव्या माणसाने अशा गटात शिरायचं कसं? संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात जाऊन बसा. नवी मुंबईत बहुतेक नोडमध्ये अशी केंद्रं आहेत. पहिल्या दिवशी फक्त वर्तमानपत्र वाचा, तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, नवीन आलात का? ठाण्यात मासुंदा तलाव, कचराळी तलाव किंवा उपवनला रोज ठरावीक वेळी चालायला जा. वाशीत सागर विहार, नेरुळला रॉक गार्डन, कोपरखैरण्यात निसर्गोद्यान. तब्येतीला चालणं हवंच, पण रोज त्याच वेळी त्याच बाकावर दिसणारा माणूस एखाद दिवशी दिसला नाही तर त्याची चौकशी होते, हा चालण्याचा मोठा फायदा मला वाटतो. गणपतीत सोसायटीच्या मंडपात प्रसाद वाटायला उभे राहा. लाजू नका, ओळखी अशाच होतात.

सोबत जाणाऱ्यानेही काम नीट समजून घ्यावं. नुसतं शेजारी बसून फोन बघणं म्हणजे सोबत नव्हे. आदल्या रात्री रुग्णाला विचारून तीन प्रश्न कागदावर लिहून घ्या: काय होतंय, काय विचारायचंय, कशाची भीती वाटते. डॉक्टर बोलत असताना लिहा. बाहेर आल्यावर कोणती गोळी बंद, कोणती नवी, पुढची तारीख कोणती, हे रुग्णाला परत सांगा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या. डॉक्टरांनी ऐकून न घेता चिठ्ठी हातात दिली, तर नम्रपणे म्हणा, ‘डॉक्टर, एक शंका राहिली आहे.’ रुग्ण घाबरलेला असतो, त्याला हे म्हणता येत नाही. सोबत्याला म्हणता येतं. आणि जे आत ऐकलं ते आत. कुणाच्या आईला कसलं निदान झालं, हे विंगमध्ये पसरलं की गट मोडला समजा.

तपासणीची वेळ रविवारची घेत असाल तर आधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कधी बंद आहेत, ते बघा.

एकटे राहणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या. बाथरूमच्या दाराला आतून कडी लावू नका. आणि सकाळच्या सुप्रभात मेसेजला हजेरीचं काम द्या: गटात प्रत्येकाने आठपर्यंत मेसेज टाकायचा, नऊपर्यंत कुणाचा आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर दारावर थाप. ज्येष्ठांनी जवळच्या पोलिस ठाण्यात एकटे राहत असल्याची नोंद करून ठेवावी. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. छळ, निवृत्तिवेतन, वृद्धाश्रम, नुसतं बोलायचं असलं तरीही.

सातवं काम: घरी माणूस ठेवायची वेळ आली तर

रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस घेताना आधी नेमकं ठरवा, आया हवी की नर्स. अंघोळ, कपडे, भरवणं, हात धरून चालवणं हे आयाबाईंचं काम. नळीतून अन्न देणं, लघवीची नळी सांभाळणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग हे प्रशिक्षित नर्सचं काम, आणि नर्सकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असते. ती दाखवायला सांगा. ब्युरो कधीकधी आयाला ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात आणि नर्सचे पैसे लावतात. आधारकार्डाची प्रत घ्या, पोलिस पडताळणी झाली आहे का विचारा. बारा तासांची पाळी की चोवीस तासांची, जेवण कुणाचं, सुट्टी कधी, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा. त्यांना बसायला खुर्ची, झोपायला जागा आणि वेळेवर जेवण द्या. ज्या घरात त्यांना मान मिळतो तिथे त्या टिकतात, आणि रुग्णाचं निम्मं बरं होणं या टिकण्यावर असतं.

आठवं काम: मनाचं

नव्या गावात उदास वाटणं पहिले काही आठवडे स्वाभाविक असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण जाईना, कशातच रस वाटेना, तर ते ‘सवय होईल’ यावर सोडू नका. साखर-बीपीच्या माणसाला नैराश्य आलं की आधी गोळ्या चुकतात, मग पथ्य, मग चालणं. घरच्यांना वाटतं आळस आला.

ठाणे याबाबतीत नशीबवान आहे. १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. ओपीडीत येणारे बहुतेक लोक दाखवून औषध घेऊन घरी जातात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्थाही ठाण्यातलीच. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना फी नसते, आणि पूर्ण नावही विचारत नाहीत.

घरातलं किंवा ओळखीतलं कुणी ‘जगून काय उपयोग’ असं बोललं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय असं त्या माणसाला वाटतं. त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका, गोळ्या आणि विषारी वस्तू हलवा, आणि त्याच्यासमोरच १४४१६ लावा.

नववं काम: योजनांची कागदपत्रं

हे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आता कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर. रेशनकार्ड जुन्या गावचं असेल तरी काढून जवळ ठेवा. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’, म्हणजे या योजनेचे मदतनीस, कुठे बसतात ते विचारा, चौकशीसाठी १५५३८८. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. दरमहा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव आहे का बघा, आणि घर बदलल्यावर दवाखानाही बदलून घ्या.

ईएसआयसी सोडली तर या योजना मुळात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. रोजच्या गोळ्या, साखर तपासायच्या पट्ट्या, फिजिओथेरपी, आयाबाईंचा पगार यांतलं काहीही त्यात बसत नाही. शस्त्रक्रिया फुकट झाली आणि नंतरच्या सहा महिन्यांनी घर कर्जात गेलं, असं होतं. कार्ड हातात आलं तरी महिन्याच्या औषधपाण्याचे पैसे वेगळे काढून ठेवा.

दहावं काम: सांभाळणाऱ्याची पाळी

घरात एक रुग्ण असतो आणि एक त्याला सांभाळणारी असते, बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी. तिच्या पाठदुखीची तारीख कोणत्याच कॅलेंडरवर नसते. रुग्णाची तपासणी असेल त्याच दिवशी तिचंही बीपी आणि साखर बघा, वेगळी चक्कर लागत नाही. आठवड्यातून एक दुपार तिची, आणि त्या वेळी रुग्णाजवळ कोण बसणार त्याचं नाव पक्कं हवं. ‘बघू कुणीतरी’ म्हटलं की ती दुपार जाते.

सणासुदीचं आधी ठरवा. गणपतीत अर्धं ठाणं कोकणात जातं आणि त्यात आपल्या आयाबाई, स्वयंपाकाच्या ताई, कधी कधी वॉचमनसुद्धा असतात. ब्युरोत फोन करावा तर बदली माणूस मिळत नाही. श्रावण लागला की प्रत्येकाला जायच्या तारखा विचारून घ्या, गटातल्या कोणत्या घरातलं कोण मागे राहणार आहे ते लिहा, डायलिसिस किंवा फिजिओथेरपी चालू असेल तर त्या आठवड्याच्या वेळा केंद्राकडून पक्क्या करून घ्या आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या हरतालिकेच्या आत आणून ठेवा.